तिसऱ्या दिवसाचा फोन

दाढ सोमवारी काढली असेल तर फोन बुधवारी रात्री येतो. साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, घरातली जेवणं उरकली की. पेशंट स्वतः क्वचितच बोलतो. बायको असते, सासू असते, नाहीतर कुणीतरी थोरला भाऊ. "म्याडम, काल एवढं नव्हतं हो. आज गाल नुसता भप्प झालाय. आत काय राहिलंय का?"

कराडला माझा दातांचा दवाखाना सुरू होऊन 22 वर्षं झाली. अक्कलदाढा काढणं हेच माझं मुख्य काम, त्यामुळे या फोनचं उत्तर मला झोपेतही देता येतं. सूज 48 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असते, उद्यापासून उतरायला लागेल, तोंड कमी उघडतंय तेही आठवड्याभरात सुटेल. हे सगळं मी सोमवारी तोंडी सांगितलेलं असतं, छापील कागदावर दिलेलं असतं, त्या कागदावर 'तिसरा दिवस' या शब्दांखाली पेनाने रेघही मारलेली असते. तरी फोन येतोच.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं मला या फोनचा राग यायचा. माझ्या लेखी काम सोमवारीच संपलेलं असायचं.

खुर्चीतलं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. खालची अक्कलदाढ बहुतेकदा पुढच्या दाढेला खांदा लावून कलती बसलेली असते. भूल द्यायची, हिरडीला चीर द्यायची, थोडं हाड कोरायचं, दाढ मधोमध चिरून तुकड्यांनी काढायची, काळ्या रेशमाचे दोन-तीन टाके घालायचे. दाढ तडकते तेव्हा कट्ट आवाज होतो आणि पेशंटला वाटतं, जबडाच मोडला. "अक्कल काढून घेताय व्हय म्याडम?" हा विनोद दिवसातून एकदा होतो, आणि त्याला हसणं हे फीमध्येच धरलेलं असतं. भूल अजून दोन-तीन तास टिकणार असते, म्हणून पेशंट खुशीत उठतो. एवढंच होतं होय, म्हणतो. डॉक्टरला शाबासकी मिळते ती या बधिर दोन तासांतच. मला बरीच वर्षं तीच खरी वाटत होती.

त्यानंतरचं खातं मावशींकडे. आमच्या मावशी दवाखाना उघडल्यापासून माझ्याबरोबर आहेत. माझ्या छापील कागदावर 'रक्ताची गुठळी जागेवर राहणे अत्यावश्यक आहे' असं लिहिलंय. हे वाक्य वाचून कुणीही गुठळी जपलेली नाही. मावशी पेशंटच्या गालावर बर्फाची पिशवी टेकवतात आणि सांगतात, "दादा, खड्ड्यात रगत गोठून त्याच्यावर साय धरणार हाय. दुधावर धरती तशी. साय धरताना कोण भांडं हलवतं का? मग चूळ भरायची न्हाई, थुकायचं न्हाई, नळीनं वढून काय प्यायचं न्हाई, जिभेनं चाचपायचं न्हाई. उद्यापासनं मिठाचं कोमट पाणी. तेबी खळाखळा न्हाई, तोंडात धरायचं, मान कलती करायची आन् सोडून द्यायचं." तंबाखू खाणाऱ्याला त्या निराळं सांगतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साय मोडली तर काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज उतरायला लागलेली असताना एकदम ठणका सुरू होतो, कानात जातो, कानशिलात जातो, गोळ्यांना दाद देत नाही. आत पाहिलं तर खड्डा कोरडा आणि तळाशी उघडं हाड. क्रॉफर्ड नावाच्या माणसाने 1896 साली याला 'ड्राय सॉकेट' म्हटलं आणि आम्ही आजही तेच म्हणतो. उपाय साधा आहे. खड्डा सलाइनने धुवायचा आणि लवंग तेलाची पट्टी आत ठेवायची. पाच-दहा मिनिटांत पेशंटचे खांदे खाली येतात, ते बघण्यासारखं असतं. दवाखान्यात लवंगेचा वास भरला की बाहेर बसलेल्यांना वाटतं, आत मसालेभात चाललाय.

आता थोडं मागचं सांगते. मी एम.डी.एस. करत होते तेव्हा माझ्या प्रबंधाचा विषयच होता अक्कलदाढ काढल्यानंतरचे दिवस. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पेशंटला दोन कागद द्यायचे. एकावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'सहन होणार नाही इतकं दुखतं'. पेशंटने मधे कुठेतरी खूण करायची आणि मी पट्टीने मोजायची. शहरातली पोरं पटकन खूण करायची. पन्नाशी उलटलेले शेतकरी मात्र त्या रेघेकडे सातबाऱ्यावर हद्द चुकल्यासारखं बघत बसायचे. शेवटी एकाने मला सांगितलं, "कालच्याला सोळा आणे होतं. आज बारा आणे म्हना." आणे जाऊन नया पैसा आला 1957 साली, पण दुखणं अजून आण्यांतच मोजलं जात होतं. मी हिशेब केला, बारा आणे म्हणजे साडेसात सेंटिमीटर, आणि स्वतःच रेघेवर खूण केली. गाइडना सांगितलं नाही. माझ्या प्रबंधातले काही आकडे असे आण्यांतून आलेले आहेत. मला त्यांच्याइतके खरे दुसरे कुठले वाटत नाहीत.

दुसरा कागद होता 14 प्रश्नांचा. गॅरी स्लेड यांनी 1997 साली 49 प्रश्नांच्या आधीच्या यादीतून निवडून केलेली ही यादी जगभर वापरतात. दात, हिरड्या, तोंड यांच्या त्रासाने माणसाचं रोजचं जगणं किती बिघडलं, ते तिच्यावरून काढायचं. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, सगळे मिळून जास्तीत जास्त 56. आम्ही मराठी तर्जुमा केला होता. उच्चार करायला त्रास झाला का, चव बिघडल्यासारखी वाटली का, जेवण मधेच सोडावं लागलं का, चिडचिड झाली का. एक प्रश्न होता, 'एकंदर आयुष्य पूर्वीपेक्षा कमी समाधानाचं वाटलं का?' पाटणकडच्या एका बाईंना मी तो वाचून दाखवला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दाढंमुळं व्हय?"

मी शून्य लिहिलं.

त्या यादीत भाकरी नव्हती. मी विचारायचे, जेवण जातंय का? उत्तर यायचं, "जेवान कुठलं, भातच खातोय." आमच्या भागात भात म्हणजे जेवण नव्हे, जेवणानंतरचा घास. त्यातून घरात म्हातारं माणूस असेल तर भातही बंद, कारण भाताने जखमेत पू होतो हा समज अजून पक्का आहे. दाढेला जमत नाही म्हणून भाकरी नाही, सासूबाईंना चालत नाही म्हणून भात नाही. मग ती बाई तीन दिवस चहा-बिस्किटावर काढते, चौथ्या दिवशी तिला चक्कर येते आणि ती चक्करही दाढेच्याच नावावर जमा होते. वरची दाढ काढली की डोळ्यांची नजर जाते, हा समज तर इतका जुना आहे की मी आता तो खोडायच्या भानगडीत पडत नाही. आधी समोर कॅलेंडर धरते आणि तारीख वाचून घेते, नंतर पुन्हा तीच तारीख वाचून घेते.

प्रबंध मंजूर झाला, बांधून लायब्ररीत गेला. पण तेव्हापासून केसपेपरच्या कोपऱ्यात मी एक आकडा लिहायला लागले. पेशंटने पुन्हा भाकरी खाल्ली तो दिवस. कुणाचा आठवा, कुणाचा बारावा, एका पैलवानाचा पाचवा. नॉर्मल माणसाचं तोंड सुमारे 40 मिलिमीटर उघडतं, म्हणजे आपली आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत, हे माप मी घेतेच. पण तीन बोटं मावणं वेगळं आणि बाजरीच्या भाकरीचा कडक पापुद्रा त्या बाजूने चावणं वेगळं.

माझी स्वतःची खालची डावी दाढ मी 41व्या वर्षी काढून घेतली, पुण्यातल्या वर्गमैत्रिणीकडून. तोवर मी शेकड्यांनी दाढा काढल्या होत्या. तिसऱ्या रात्री दोन वाजता मी बाथरूमच्या आरशासमोर मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून उभी होते. खड्ड्यावर पिवळट पांढरा थर दिसत होता. तो थर म्हणजे पू नव्हे, बरं होणाऱ्या जखमेवरचं साधं आवरण आहे, मावशींची साय आहे, हे मी स्वतः रोज चार जणांना सांगते. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "डॉक्टरला फोन कर." म्हटलं, "मीच डॉक्टर आहे." आणि मग केला. मैत्रिणीने झोपेतच उत्तर दिलं, उद्यापासून उतरेल. त्यानंतर कुणाच्या बुधवारच्या फोनवर मी चिडले नाही.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे बीडकडचे पेशंट येतात. तोडणाऱ्या जोडप्याला एक 'कोयता' म्हणतात. नवरा-बायको मिळून एक. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, त्याचा दंड हिशेबातून कापतात. डिसेंबरातली गोष्ट. एक बाई आली, तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. अर्धवट उगवलेल्या दाढेवरच्या हिरडीत अन्न अडकून पू झालेला. आधी औषधाने जंतुसंसर्ग उतरवला, पाच दिवसांनी दाढ काढली आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, तीन दिवस विश्रांती, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "तीन खाडे, ताई."

ती दुसऱ्याच दिवशी फडात गेली, टॉवेलने गाल बांधून. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना दात कसे आवळले जातात, ते तिने मला नंतर करून दाखवलं. मी लिहून दिलेल्या गोळ्या होत्या दिवसातून तीनदा, जेवणानंतर. ती जेवायची दोनदा. एकदा पहाटे चारला निघताना आणि एकदा रात्री. दुपारची गोळी तिने जपून बाजूला ठेवली होती, प्रत्येक दिवसाची एक, कागदात बांधून, कारण जेवणानंतर घ्यायची म्हणून मीच सांगितलं होतं. टाके काढायला ती आलीच नाही. कोपीवर नवऱ्याने ब्लेडने कापले. हे कळलं ते हंगाम संपताना, ती सुनेचा दात दाखवायला घेऊन आली तेव्हा. जखम छान भरली होती. त्यात माझी हुशारी किती आणि तिचं नशीब किती, ते मी मोजू शकत नाही. तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी विचारते, दिवसातून किती वेळा जेवता? बहुतेक वेळा दोनदाची औषधं देता येतात, आणि टाके आपोआप विरघळणारे घालता येतात. काही पैसे जास्त लागतात, इतकंच. मिश्री मात्र तिनेही सोडली नव्हती. "बाकी समदं ऐकलं, ताई," एवढंच म्हणाली.

आणि आता ट्रम्पेटवाला.

केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'व्यवसाय: शेती'. त्याने तसंच सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं, वीस गुंठे होती. दिवाळीनंतर आठवड्याभरात आला. खालची डावी दाढ वर्षातून तीनदा सुजत होती, काढणं भागच होतं. एक्स-रेत दाढेचं मूळ आणि खालच्या जबड्यातली नस एकमेकांवर आलेली दिसत होती, आणि नसेच्या जागी मूळ काळसर पडलं होतं. ही खूण पुस्तकात आहे. मी ती पाहिली होती. असं दिसलं तर थ्रीडी स्कॅन करावा, पण तो तेव्हा कराडात होत नव्हता, त्याला बाहेरगावी जाऊन खर्च करायचा नव्हता, आणि मला वाटलं निघेल. संमतीपत्रावर छापलेलं होतं, 'खालच्या ओठास व हनुवटीस तात्पुरता किंवा कायमचा बधिरपणा येऊ शकतो.' त्याने खाली सही केली होती.

दाढ निघाली. दुसऱ्या दिवशी भूल उतरली नाही. डावा ओठ मधल्या रेषेपर्यंत आणि खाली हनुवटीपर्यंत बधिर. नस तुटली नव्हती, चेपली गेली होती, असा माझा अंदाज होता. मी त्याला समजावलं की ही नस फक्त संवेदनेची आहे, ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे बोलणं-चालणं व्यवस्थित राहील. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने दोन्ही ओठ मिटून आत घेतले, पुढे काढले, आणि म्हणाला, "वारं कुठनं सुटतंय ते कळंना झालंय."

तेव्हा कळलं की तो बँडमध्ये मुख्य ट्रम्पेट वाजवतो. तुळशीचं लग्न पाच दिवसांवर होतं, म्हणजे लग्नसराई उभी होती. माउथपीस ओठावर कुठे टेकलंय, किती दाबलंय, हे ज्याला कळत नाही त्याला सूर धरता येत नाही. ओठ हलतोय की नाही हा माझा प्रश्न होता, त्याचा नव्हताच.

त्या हंगामात त्याच्या हातात खुळखुळे दिले. बँडवाल्यांना माणूस सोडायचा नव्हता, पण ट्रम्पेटचं मानधन खुळखुळ्याला मिळत नाही, आणि पुढच्या रांगेतला माणूस मागच्या रांगेत गेला की वाटेतल्या प्रत्येक गावात त्याचं कारण सांगावं लागतं. तो दर पंधरा दिवसांनी यायचा. मी डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात ओठावरून फिरवायचे आणि जिथे कळायचं बंद होतं तिथे पेनाने ठिपके द्यायचे. ठिपके जोडले की बधिर भागाचा नकाशा तयार व्हायचा. त्याचा फोटो काढून ठेवायचा, मागच्या फोटोशी ताडून पाहायचा. मार्गशीर्षात नकाशा तसाच. पौषातही तसाच. चहाने ओठ भाजलेला, दाढी करताना हनुवटी कापलेली, त्याला पत्ता नसायचा. मी मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या देत होते. सगळेच देतात. त्यांनी नस किती जुळते याबद्दल मला फारसा भरवसा नाही, पण रिकाम्या हाताने पाठवण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

माघ संपताना त्याने सांगितलं, ओठात मुंग्या येतायत. ही मुंग्यांची बातमी आम्हा लोकांना पाऊस आल्यासारखी वाटते. नस जागी व्हायला लागली की आधी मुंग्या, मग टोचल्यासारखं, मग स्पर्श. पुढच्या फोटोत नकाशा आक्रसला, त्याच्या पुढच्यात आणखी. फाल्गुनाच्या शेवटी तो ट्रम्पेटचं माउथपीस खिशातून घेऊन आला आणि माझ्यासमोर नुसतं माउथपीसच वाजवून दाखवलं. बदक ओरडल्यासारखा आवाज आला. मावशी आतून धावत आल्या. हनुवटीवर जुन्या आठ आण्यांएवढा तुकडा अजून बधिर आहे. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "दाढी करताना ध्यान ऱ्हातं."

माझ्या केसपेपरवर आता व्यवसायाखाली आणखी एक ओळ छापलेली आहे, 'तोंडाचं काम'. बहुतेक लोक विचारतात, म्हणजे काय? मी सांगते, गाता का, वाजवता का, कीर्तन करता का, शाळेत शिकवता का, बाजारात पुकारा करता का. भाजी मंडईतल्या एकाने अडत्याकडे आठ दिवसांची सुट्टी मागण्यापेक्षा दाढ गुरुवारी संध्याकाळी काढून घेतली आणि शनिवारपर्यंत हातवारे करून लिलाव केला. पण ते असो.

गेल्या वर्षी आषाढात ट्रम्पेटवाला पुन्हा आला. आता उजव्या बाजूची दाढ काढायची म्हणून. सगळा हिशेब करून आला होता. आषाढी झाली, आता लग्नं नाहीत, गणपतीपर्यंत ओठाला पन्नास दिवस मिळतात. कराडातच आता स्कॅन होतो, मी आधी तोच करून घ्यायला लावला. उजवीकडे नस मुळाला चिकटून गेलेली होती. मी विचारलं, या बाजूला कधी सूज? नाही. दुखलं? नाही. अन्न अडकतं? नाही. दाढ पूर्ण हाडाखाली होती, पुढच्या दाढेला धक्का नव्हता. मग काढायची का? तर एकीकडे त्रास झाला म्हणजे दुसरीकडेही होणार, असं त्याला वाटत होतं.

ब्रिटनमध्ये 2000 साली सरकारी आरोग्यसेवेसाठी निघालेल्या सूचनांत म्हटलं होतं की काही त्रास नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढची काळजी म्हणून काढू नये. कॉलेजात ते वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं. ज्याच्या हातात हत्यार असतं त्याला असलं पटत नाही.

"राहू द्या," मी म्हटलं. "वर्षातून एकदा एक्स-रे काढू. सुजली तर लगेच या."

"म्हंजे काढायचीच न्हाई?" तो जरा नाराज झाल्यासारखा वाटला. पन्नास दिवसांचा एवढा नेमका हिशेब वाया गेला होता.

"नाही."

मावशींनी सवयीने बर्फाची पिशवी काढून टेबलावर ठेवली होती. तिला घाम फुटायला लागला होता. त्यांनी ती पदराने पुसली आणि परत फ्रीजरमध्ये ठेवून दिली.